पांढऱ्या पडद्यावरचं काळं: होम थिएटरचा पडदा घरी करण्याआधी

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो टाकतो फक्त प्रकाश, आणि काळा प्रकाश नावाची वस्तू नसते. सिनेमातलं रात्रीचं आभाळ, नायिकेचे केस, चित्राच्या वर-खाली दिसणारे काळे पट्टे म्हणजे पडद्याचा असा भाग, जिथे प्रोजेक्टरने हात आखडता घेतलाय. तिथे दिसतो तो उघडा पडदाच. त्या क्षणी तुमच्या खोलीत तो पांढरा पडदा जेवढा काळोखा असेल, तेवढाच तुमचा सिनेमा काळा. त्याहून काळा करणं कुठल्याही प्रोजेक्टरला जमत नाही, मग तो कितीही महाग असो.

घरी पडदा करायचा म्हटलं की कापड कुठलं, रंग कुठला यावरच सगळा खल होतो. माझ्या मते कापडाचा नंबर चौथा. आधी खोलीतला अंधार, मग पडद्याचा सपाटपणा, मग भोवतीची काळी किनार, आणि त्यानंतर कापड. असं का, हे थोड्या आकडेमोडीने लगेच पटतं. आकडेमोड पाचवीतली आहे.

प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश फेकतो हे ल्युमेनमध्ये मोजतात. तोच प्रकाश पडद्यावर पसरल्यावर दर चौरस मीटरला किती आला, ते झालं लक्स. १०० इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंच. १६:९ या नेहमीच्या प्रमाणात त्याची रुंदी सुमारे ८७ इंच, उंची ४९ इंच आणि क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरतं. ल्युमेनला पावणेतीनने भागलं की लक्स मिळाले.

आता ऑनलाइन सेलमध्ये मिळणारा छोटा प्रोजेक्टर घ्या. खोक्यावर ‘९,००० ल्युमेन्स’ वगैरे छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करून ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ असा शब्द कुठे दिसतो का ते शोधा. अ‍ॅन्सी पद्धतीत चित्राच्या नऊ ठिकाणी प्रकाश मोजून सरासरी काढतात, त्यामुळे त्या आकड्यात फेकाफेकीला वाव कमी. अशा छोट्या यंत्राचा खरा आकडा बहुतेक वेळा काही शेच निघतो. २५० धरू. २५० भागिले पावणेतीन म्हणजे साधारण ९० लक्स. हा झाला तुमच्या चित्रातला सर्वांत पांढरा पांढरा.

खोलीत ट्यूबलाइट चालू असेल, तर तिचाही प्रकाश पडद्यावर पडतोच. तो १०० लक्स धरा. मग चित्रातलं पांढरं ९० अधिक १०० असं १९० लक्स, आणि काळं? काळं म्हणजे नुसत्या ट्यूबचे १०० लक्स. पांढरं काळ्याच्या दुप्पटसुद्धा नाही. धुक्यात सिनेमा बघतोय असं जे वाटतं ते यामुळे. आता चांगला २,००० अ‍ॅन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर आणला, तर पांढरं सव्वासातशे अधिक शंभर, म्हणजे काळ्याच्या आठपट. पैसे कितीतरी पटींनी गेले, हाती आले आठ. उलट तोच २५० वाला गरीब प्रोजेक्टर ठेवून ट्यूब बंद केली, खिडक्या नीट झाकल्या आणि पडद्यावरचा परका उजेड १ लक्सवर आणला, की पांढरं काळ्याच्या नव्वदपट होतं. यासाठी खर्च काय, तर एक बटण आणि जाड पडदे.

बऱ्याच मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारा सेन्सर असतो आणि लक्स दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. आकडे तंतोतंत नसतात, पण तुलनेपुरते चालतात. पडदा जिथे लावायचा तिथे मोबाइल भिंतीला पाठ टेकवून धरा आणि रात्री आठला, दिवे बंद करून, खिडकीचा पडदा ओढून आकडा बघा. रस्त्यावरचा दिवा किती घुसतो ते तिथेच कळतं.

पडदा नेमकं करतो काय

पडद्याचं काम आलेला प्रकाश सगळ्या दिशांना सारखा परत पाठवण्याचं. आरसा तसं करत नाही. तो एकाच दिशेला पाठवतो, म्हणून आरशावर सिनेमा दिसत नाही. चुन्याची भिंत, खडू, मॅट कागद यांच्यावर पडलेला प्रकाश आत शिरतो, आतल्या बारीक कणांवर इकडे-तिकडे आपटतो आणि वाट फुटेल तिकडून बाहेर येतो. त्यामुळे समोरून बघा की बाजूने, पृष्ठभाग सारखाच उजळ दिसतो. योहान हाइनरिख लाम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली याचं गणित मांडलं. म्हणून अशा आदर्श मॅट पृष्ठभागाला आजही त्याचंच नाव आहे.

पडद्यांच्या जाहिरातीत ‘गेन’ नावाचा आकडा असतो, तो इथूनच येतो. मॅग्नेशियम कार्बोनेटसारखा प्रमाण मानलेला पांढरा मॅट पृष्ठभाग म्हणजे गेन १. एखादा पडदा समोर बसलेल्याला त्याच्या दीडपट उजळ दिसत असेल, तर गेन दीड. पण पडद्याला प्लग नसतो. तो जवळचा प्रकाश घालत नाही. समोरच्याला जे जास्त मिळतं ते कडेला बसलेल्यांच्या वाट्याचं काढून दिलेलं असतं. शिवाय असा पडदा मधोमध जास्त चमकतो आणि कडेला मावळतो. मॅच बघायला बारा माणसं गोळा होणाऱ्या घरात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणाऱ्याला हा आकडा मुळीच परवडत नाही. घरी करायच्या पडद्याला गेन १ च्या आसपासच ठेवावा. रंगात सिल्व्हर पेंट मिसळून गेन वाढवायचे प्रयोग इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यात क्रिकेटचं हिरवं मैदान वाळूसारखं चमचमायला लागतं. त्या वाटेला जाऊ नये.

पडद्यावर पडलेला प्रकाश तीनच ठिकाणी जाऊ शकतो. परत येतो, आत जिरतो किंवा आरपार जातो. आरपार जाणारा भाग कापडाच्या बाबतीत भलताच मोठा असतो. गणेशोत्सवात गल्लीत पांढरं कापड बांधून सिनेमे दाखवायचे, तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. मागच्यांना अक्षरं उलटी दिसायची आणि डावखुरा नायक उजव्या हाताने मारायचा, पण चित्र स्वच्छ दिसायचं. मागच्यांना दिसलेला तो सगळा प्रकाश पुढच्यांच्या वाट्यातून गळालेला होता. चादर बांधून घरी सिनेमा बघितला की तेच होतं, फक्त मागे गल्लीऐवजी भिंत असते. तो गळलेला प्रकाश भिंतीवर आपटून चादरीतून परत येतो आणि चित्राची कड पुसट करतो.

म्हणून घरच्या पडद्याला कापड असं हवं की दिव्यासमोर धरलं तर पलीकडचं बोट दिसू नये.

करड्या रंगाचं कोडं

‘पडदा पांढरा नको, करडा घ्या, काळं जास्त काळं दिसतं,’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धा खरा आहे, आणि कुठला अर्धा हे कळलं तर पैसे वाचतात.

ट्यूब चालू असलेली खोली परत घ्या. निम्माच प्रकाश परत देणारा करडा पडदा लावला. ट्यूबचा उजेड निम्मा झाला, म्हणजे काळं सुधारलं? हो, पण प्रोजेक्टरचा प्रकाशही निम्माच परत आला. १९० ला १०० हे प्रमाण होतं, ते ९५ ला ५० झालं. प्रमाण तेच आणि चित्र मात्र मंद. बाहेरून येणाऱ्या उजेडावर साधा करडा रंग हा उपाय नाही. उजेडातही बरं चित्र देणारे जे महाग पडदे असतात, त्यांच्यावर सूक्ष्म खाचा असतात. वरून येणारा उजेड त्या गिळतात आणि प्रोजेक्टरच्या दिशेने आलेलाच प्रकाश समोर पाठवतात. ते घरी ब्रशने जमणारं काम नाही.

मग करड्याचा फायदा होतो कुठे? खोली पूर्ण अंधारी असली तरी पडदा स्वतःच खोली उजळतो. पडद्यावरून निघालेला प्रकाश पांढऱ्या सिलिंगवर, भिंतींवर, फरशीवर आपटून पडद्यावरच परत येतो आणि चित्रातला काळा भाग पांढुरका करतो. पांढऱ्या पडद्यावर चित्राचे १०० आणि असे परतलेले १० धरले, तर प्रमाण दहाला एक. निम्म्या करड्या पडद्यावर चित्र ५० झालं. त्यामुळे खोलीत गेलेला प्रकाशच निम्मा झाला, परतले ५. ते पाच पडद्यावर पडून पुन्हा निम्मे झाले, डोळ्याला दिसले अडीच. ५० ला अडीच म्हणजे वीसला एक. परतलेल्या प्रकाशाला करडा रंग दोनदा कात्री लावतो, चित्राला एकदाच. तेव्हा पांढरं पीओपीचं सिलिंग आणि फिकट भिंती असलेल्या खोलीत, प्रोजेक्टरकडे प्रकाश मुबलक असेल तर करडा पडदा कामाचा. छोट्या २५० ल्युमेनवाल्याला करडा पडदा म्हणजे आधीच उपाशी माणसाला लंघन. आणि प्रत्यक्षात निम्मा वगैरे नाही, अगदी फिकट, विसेक टक्के प्रकाश खाणारा करडा पुरतो.

याच गणिताचा दुसरा अर्थ असा, की पडद्यालगतचं सिलिंग आणि बाजूच्या भिंती तीन-चार फुटांपर्यंत गडद केल्या, तर पांढऱ्या पडद्यावरही तोच फायदा मिळतो आणि चित्र मंद होत नाही. भाड्याच्या घरात रंग देता येत नसेल तर सिनेमापुरतं गडद कापड टांगा. घरच्यांना हॉलचं सिलिंग काळं करण्यासाठी राजी करणं हा प्रकाशशास्त्राबाहेरचा विषय आहे.

माप आधी, कापड नंतर

प्रोजेक्टर कायमच्या जागी ठेवा, भिंतीवर चित्र टाका, चारही कोपऱ्यांना मास्किंग टेप लावा आणि आठवडाभर तसंच बघा. पडदा त्यानंतर मापायचा. चित्र वाकडं येत असेल तर कीस्टोनचं बटण दाबून सरळ करायचा मोह आवरा. त्यात प्रोजेक्टर चित्राचा काही भाग खाऊन उरलेल्यात ते बसवतो आणि बारकावे जातात. प्रोजेक्टरच सरकवून चौकोन सरळ करावा. इथेच आपल्याकडचा खास शत्रू भेटतो, तो म्हणजे सिलिंग फॅन. प्रोजेक्टर मागच्या भिंतीला उंचावर लावला की प्रकाशाचा झोत हमखास पंख्याच्या पात्यांमधून जातो आणि चित्र लुकलुकतं. टेप लावायच्या आठवड्यात पंखा चालू ठेवून बघितलंच पाहिजे.

किती मोठा पडदा? सिनेमाच्या तंत्रज्ञांची एसएमपीटीई ही संस्था चित्राने डोळ्यासमोर निदान ३० अंश व्यापावेत असं सुचवते, तर थिएटरच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणारे टीएचएक्सवाले ४० अंशांपर्यंत जातात. फुटांत सांगायचं तर १०० इंची पडदा साडेतेरा फुटांवरून ३० अंशांचा दिसतो आणि दहा फुटांवरून ४० चा. आपल्या फ्लॅटचा हॉल दहा-अकरा फूट रुंद, त्यात सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे डोळे नऊ फुटांवर. तिथे १२० इंची पडदा लावून मान डावी-उजवी करण्यात हशील नाही. ९० ते १०० इंच भरपूर झाले. पडद्याची खालची कड अशी ठेवा, की सोफ्यावर बसल्यावर डोळे पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या आसपास येतील. थिएटरसारखा उंच लावायची हौस मानेला महागात पडते.

आता कापड. पडद्याच्या कापडाच्या दुकानात, म्हणजे फर्निशिंगवाल्याकडे, ब्लॅकआऊट अस्तर मिळतं. बेडरूमच्या खिडकीच्या पडद्यामागे लावतात ते. त्यावर लेप दिलेला असतो, त्यामुळे प्रकाश आरपार जात नाही. पांढरं घ्या, दोन्ही बाजू तपासा. एक बाजू कापडासारखी, दुसरी रबरासारखी गुळगुळीत असते. वितभर तुकडा घरी आणून प्रोजेक्टरसमोर दोन्ही बाजूंनी धरून बघा आणि जी कमी चमकते ती पुढे घ्या. दुकानदाराला घडी घालू देऊ नका. नळीवर गुंडाळून मागा. लेपाच्या कापडावर पडलेली घडी गरम इस्त्रीने जात नाही, लेप मात्र जातो.

कापडाचा पन्हा बहुधा ४८ किंवा ५४ इंच असतो, आणि पडद्याचं माप तोच ठरवतो, कारण मधे शिवण चालत नाही. शिवण कितीही सफाईदार असली तरी मैदानावरच्या प्रत्येक चेंडूला ती दिसते. कापड आडवं वापरायचं, म्हणजे पन्हा हीच पडद्याची उंची. ५४ इंचातून पडद्याच्या मागे वळवून पिना मारायला प्रत्येक बाजूला अडीच इंच सोडा, उरले ४९. त्यातून वर-खाली दोन-दोन इंचांची काळी किनार गेली, चित्राला उरले ४५. पंचेचाळीस इंच उंचीचं १६:९ चित्र म्हणजे ८० इंच रुंद, कोपऱ्यातून कोपऱ्यात ९२ इंच. अडीच मीटर लांबीचा तुकडा त्याला पुरतो. ४८ चा पन्हा असेल तर हेच गणित ८० इंची पडद्यावर येऊन थांबतं.

याहून मोठा हवा असेल तर गावोगावच्या फ्लेक्सवाल्याकडे जा. त्याच्याकडे दहा फुटी पन्ह्याचे रोल असतात. कोरा फ्लेक्स मागा, मॅट मागा, आणि मिळाला तर मागून करडा किंवा काळा असलेला, प्रकाश अडवणारा मागा. चौकात रात्री आतून दिवे लावून उजळतात त्या बोर्डांचा फ्लेक्स अजिबात नको, तो बनवलेलाच आहे प्रकाश आरपार जाण्यासाठी. आणि वाढदिवसाचा उतरवलेला जुना फ्लेक्स उलटा लावायची कल्पना सुचली असेल तर सोडून द्या. पातळ फ्लेक्समधून थोडा प्रकाश मागे जातोच. तिथे गडद छपाई असेल तिथे तो जिरतो आणि नसेल तिथे परततो. ऐन प्रेमप्रसंगात नायकाच्या गालावर भावी नगरसेवकांच्या मिशा उमटतील. फ्लेक्सची खरी उणीव म्हणजे त्याची किंचित चकाकी आणि नवेपणीचा वास. वास गॅलरीत चार दिवस उलगडून ठेवला की जातो, चकाकी जात नाही.

कापडाचा किंवा रंगाचा पोत किती बारीक हवा, याचंही माप आहे. १०० इंची पडद्यावर फुल एचडी चित्राचा एक ठिपका साधारण सव्वा मिलिमीटरला थोडा कमी, फोर-के असेल तर त्याच्या निम्मा. विणीचे धागे या आकाराच्या जवळ गेले, की ठिपक्यांची जाळी आणि धाग्यांची जाळी एकमेकींत अडकून चित्रावर लाटांसारखी नक्षी उठते. जाडाभरडा मांजरपाट म्हणूनच बाद.

शुभ्रपणाची एक सोपी परीक्षा आहे. आपल्याकडे पांढरं म्हणजे नीळ दिलेलं पांढरं, ही सवय कापडाला आणि रंगालाही लागलेली आहे. कागदही निळसर असतो, म्हणून त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेफलॉन टेप आणा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दहा-बारा थर गुंडाळा. टेफलॉन सगळे रंग जवळजवळ सारखेच परत पाठवतं. प्रयोगशाळेतही पांढऱ्याचा नमुना म्हणून त्याच पदार्थाच्या वड्या वापरतात. प्रोजेक्टरमधून कोरं पांढरं चित्र टाकून कापडाचा तुकडा या टेपशेजारी धरला, की कुठलं कापड निळं मारतंय आणि कुठलं पिवळं ते चटकन दिसतं. थोडा फरक असेल तर घाबरू नका, तो प्रोजेक्टरच्या रंगांच्या सेटिंगमध्ये निघतो. चमक मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये निघत नाही, म्हणून निवड करताना रंगापेक्षा मॅटपणाला झुकतं माप द्या.

चौकट

लाकडाची दोन बाय एक इंचाची पट्टी घ्यायची. वखारीत ती डोळ्याशी धरून, एक डोळा मिटून लांबीच्या दिशेने बघा. पिळलेली असेल तर कळते. ती परत ठेवा, कारण पिळलेली पट्टी कापड ताणल्यावर आणखी पिळते. ९२ इंची चित्रासाठी चौकट बाहेरून ८४ बाय ४९ इंच. कोपऱ्यांना लोखंडी एल पट्ट्या स्क्रूने बसवा आणि मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ९७ इंचांच्या जरा पुढे आणि एकमेकांशी सारखे आले पाहिजेत. सुताराच्या भाषेत एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर चौकट काटकोनात नाही आणि चित्राची एक कड किनारीत घुसत जाईल.

एवढ्या लांब पट्ट्या कापडाच्या ताणाने मधोमध आत वाकतात. त्यासाठी मधे एक उभी पट्टी लागते, आणि इथे पुष्कळ पडदे बिघडतात. ही पट्टी कापडाला टेकली तर चित्राच्या मधोमध उभी रेघ दिसते. चौकट एक इंच जाडीची असेल तर मधली पट्टी अर्धा इंच जाडीची घ्या आणि मागच्या अंगाला भिडवून बसवा, म्हणजे कापड आणि ती यांच्यात अर्धा इंच जागा राहते. लाकडाची धास्ती वाटत असेल तर स्लायडिंग खिडक्या करणारा फॅब्रिकेटर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट तासाभरात करून देतो. ती पिळत नाही, फक्त तिच्यावर पिना मारता येत नाहीत. कापड मागून दुहेरी टेपने किंवा क्लिपांनी धरावं लागतं. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपची चौकट स्वस्त आणि सुटी करता येते, पण सहा फुटांच्या पुढे ती झोळते. गच्चीवर एका रात्रीपुरती ठीक.

कापड जमिनीवर स्वच्छ चादरीवर पालथं घाला, वर चौकट ठेवा. एका लांब बाजूच्या मधोमध एक पिन, मग समोरच्या बाजूला हाताने ताणून मधोमध एक. नंतर दोन्ही आखूड बाजूंच्या मधोमध. तिथून प्रत्येक वेळी समोरासमोर, दोन-दोन इंचांवर पिना मारत कोपऱ्यांकडे जायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने पिना मारत गेलं, की ताण एका दिशेला सरकतो आणि शेवटच्या कोपऱ्यात तिरप्या सुरकुत्यांचा पंखा उघडतो. कोपऱ्यावर पुस्तकाला कव्हर घालतो तशी घडी घाला, गठ्ठा झाला तर भिंतीला चौकट नीट बसत नाही. स्टेपल गन नसेल तर सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवा. तो हे काम अर्ध्या तासात करतो, आणि त्याच्या हाताचा ताण आपल्या हाताला येत नाही.

आता किनार. हौशी पडद्यांत हिचीच सर्वांत जास्त उपेक्षा होते. काळ्या ऑइल पेंटने रंगवलेली पट्टी किनार म्हणून चालत नाही, ती चकाकते. मखमल हवी. मखमलीचे धागे उभे असतात, प्रकाश त्यांच्या जंगलात शिरला की बहुतेक बाहेर येतच नाही. दोन इंच रुंद लाकडी पट्ट्यांना किंवा फोमशीटला काळी मखमल चिकटवा आणि चौकटीवर समोरून बसवा. मग प्रोजेक्टरचं चित्र चारही बाजूंनी जेमतेम अर्धा सेंटिमीटर किनारीवर सांडू द्या. सांडलेलं मखमल पिऊन टाकते, चित्राची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि प्रोजेक्टर किंचित तिरका असला तरी ते झाकलं जातं. दुसरा फायदा डोळ्यांचा. काळ्या चौकटीत तेच चित्र जास्त उजळ वाटतं, कारण डोळा उजेडाचं मोजमाप शेजारच्या उजेडावरून करतो.

भिंतच रंगवली तर

आमच्याकडे काकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘अरे, भिंत पांढरीच आहे की, मग लाकूड कशाला कापतोस?’’ काका चूक नाहीत. चांगली घासलेली भिंत, मॅट इमल्शन आणि भोवती मखमलीची किनार, हा पडदा स्वस्तात मस्त. वाऱ्याने हलत नाही, सुरकुतत नाही, चोरीला जात नाही. अट भिंतीची. रात्री दिवे घालवून भिंतीला अगदी खेटून टॉर्च धरा, झोत भिंतीवरून घसरत जाऊ द्या. दिवसा न दिसलेले सगळे उंचवटे, प्लास्टरचे पट्टे, जुन्या खिळ्यांचे बुजवलेले खड्डे लांबलचक सावल्या टाकतील. जिथे सावली तिथे पुट्टी, आणि वाळल्यावर पॉलिश पेपर. मग प्राइमर, आणि बारीक केसांच्या रोलरने मॅट इमल्शनचे दोन हात. सॅटिन, लस्टर, शीन असं काहीही डब्यावर असेल तर तो डबा नको. ‘धुता येतो’ म्हणून पेंटर चमकवालाच सुचवणार, ठाम राहा.

पडद्यालगत ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर असेल तर मात्र ताणलेलं कापड विसरा आणि भिंतीबद्दलही दहादा विचार करा. त्याचा प्रकाश खालून तिरका, जवळजवळ टॉर्चसारखाच घसरत जातो. मिलिमीटरभर फुगवटासुद्धा सरळ रेघ वाकवतो. त्याला कडक, सपाट पाटच लागतो.

कोकणात किंवा जिथे पावसाळ्यात भिंतीला ओल येते तिथे चौकट भिंतीला चिकटवून लावू नका. मागे अर्धा-एक इंच हवा खेळू द्या, नाहीतर कापडाला मागून बुरशी धरते आणि ती हळूहळू पुढे उमटते. पिना स्टीलच्या मिळाल्या तर उत्तम, साध्या पिनांच्या गंजाचे तांबडे ठिपके कापडात उतरतात. पहिल्या पावसाळ्यानंतर लाकूड थोडं हललेलं असतं. कापड सैल वाटलं तर त्या बाजूच्या पिना काढून पुन्हा ताणा. धूळ कोरड्या मऊ फडक्याने, वरून खाली. काच पुसायचे फवारे पडद्यावर मारू नका.

पडदा लावून झाला की मोबाइलवरून दोन चित्रं टाका, एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं. पांढऱ्यात डाग, सुरकुत्या, मधोमध चमकणारा गोळा दिसतो का बघा. बाजूच्या खुर्चीवर जाऊनही बघा. काळं टाकल्यावर पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग खोलीत नजर फिरवा. खिडकीच्या पडद्याची वरची फट, दाराखालून येणारा पॅसेजचा उजेड, वायफायच्या डब्याचा हिरवा दिवा, सेट टॉप बॉक्सचं निळं घड्याळ. फटीला पडद्याचं उरलेलं ब्लॅकआऊट कापड लावा आणि दिव्यांवर काळी इन्सुलेशन टेप.